टेकाडावरची माती

आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त होती. दिघ्याच्या त्या एका खोलीत पलंगाखाली, ट्रंकेत, पिठाच्या डब्यामागे, जिथे हात घालावा तिथे कागदांचे गठ्ठे. बाबा रसायनांच्या कारखान्यात कामाला होते आणि पाळी संपली की युनियनच्या कामाला. त्याच्याही आधी ते जमिनीच्या लढ्यात होते, कारण त्याच्याही आधी त्यांच्याकडे जमीन होती. मी अक्षरं शिकले ती या कागदांवर. ‘कसेल त्याची जमीन’ हे मला ‘कमळ’ आणि ‘बदक’च्या अगोदर वाचता येत होतं. शाळेत बाईंनी वाक्यात उपयोग करा म्हटलं की माझ्या वाक्यांत हटकून कुणीतरी कुणाचा तरी धिक्कार केलेला असायचा.

असं वाढलं की एक सवय लागते. जग दोन ढिगांत पडतं, आपलं आणि त्यांचं, आणि मध्ये जी तार असते ती त्यांनीच घातलेली असते. मी बी.ए. झाले, नोकरी मिळाली नाही. शिकवण्या घेत होते आणि मागेल त्याला पत्रक लिहून देत होते. पाणी, रेशन, भाडेवाढ, काहीही. अशात मामाच्या गावावरून निरोप आला की लष्कराच्या टेकाडाला तार घातली आहे, भाचीला म्हणावं येऊन काहीतरी लिही. मी दुसऱ्याच दिवशी एसटीत बसले. मजकूर गाडीतच सुचायला लागला होता.

मामाचं गाव जासईच्या पुढे, उरणच्या रस्त्यावरून खाडीकडे उतरलं की लागतं. खाऱ्या जमिनीतली भातशेती. खाडीचं पाणी आणि भात यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध, त्याला बाहेरकाठा म्हणतात. तो आहे म्हणून शेत आहे. बांधाचं काम एकट्या-दुकट्याचं नसतं. सगळ्या शेतकऱ्यांची मिळून एक जोळ असते, आणि जोळीची हाक आली की घरटी एक माणूस चिखलात उतरतो. नवरा कामावर गेला असेल तर बायको उतरते. मामा या जोळीचा पुढारी. त्याचं शेत बाहेरकाठ्याला चिकटून, खाडीकडून आलं तर पहिलंच.

टेकाड या शेताच्या वरच्या अंगाला. पूर्वी तिथे टेकाड नव्हतं, मोठा खड्डा होता. जवळच लष्कराची जुनी छावणी होती आणि तिचा सगळा कचरा या खड्ड्यात यायचा. गावाला तो कचरा म्हणजे फुकटचा बाजार. दारूगोळ्याच्या पेट्यांच्या फळ्या घराघराच्या दारांना लागल्या होत्या. मामाच्या मोरीतला पाण्याचा ड्रम हिरवा होता, त्यावर पांढऱ्या रंगात आकडे होते, आणि सुट्टीत आलेली आम्ही पोरं त्याच ड्रममधल्या पाण्यानं आंघोळ करायचो. कधी कुणाच्या हाताची साल निघाली, कधी कुणाची बकरी खड्ड्याकडून आली ती उठलीच नाही. तेवढ्यापुरतं बोलणं व्हायचं.

मग छावणी हलली. नव्वदीच्या सुरुवातीला मोठी यंत्रं आली. ड्रम उपसले, ताडपत्रीखाली झाकून ट्रकांनी कुठेतरी नेले. जे उरलं त्यावर लांबून डोंगराची पिवळी माती आणून ओतली, रोलर फिरवला, गवत पेरलं. खड्ड्याचं टेकाड झालं. भोवती काटेरी तार आणि बोर्ड: ‘येथे खणू नये. विहीर अथवा बोअर घेऊ नये. गुरे चारू नयेत. बांधकाम करू नये. माती नेऊ नये.’ तारेच्या बाहेरही ठिकठिकाणी जमिनीतून लोखंडी नळ्या वर आलेल्या, त्यांच्या टोप्यांना कुलपं. मधून मधून एक जीप यायची, माणसं नळ्यांतून पाणी काढून बाटल्या भरायची. पाणी कसं आहे विचारलं तर म्हणायची, रिपोर्ट वर जातो.

मी पत्रकाचं शीर्षक ठरवलं होतं: ‘तार काढा, जमीन द्या’. पण बाबांनी लावलेली एक शिस्त होती. सरकारविरुद्ध लिहायचं तर आधी सरकारकडे जाऊन नीट ऐकून घ्यायचं, म्हणजे घाव नेमका बसतो. म्हणून बेलापूरला, टेकाडाचं काम ज्यांच्याकडे होतं त्या ऑफिसात गेले. साहेब चाळिशीचा, पंख्याखाली बसून डबा खात होता. त्यानं मला हाकललं नाही. उलट अर्धी पोळी पुढे केली.

“मॅडम, जेवढं उचलण्यासारखं होतं तेवढं उचललं,” तो म्हणाला. “बाकीचं खाली आहे.”

“बाकीचं म्हणजे काय?”

“रंग, तेल, बॅटऱ्या, दवाखान्याचं, जाळून अर्धवट राहिलेलं. आणखी काय काय ते टाकणाऱ्यांनाही आता सांगता येत नाही.”

“मग साफ केलं असं कसं म्हणता?”

“साफ केलं म्हणजे झाकलं आणि राखलं. वरची माती साधी नाही, चिकणी आहे. पावसाचं पाणी आत जाऊ देत नाही. ती जागेवर आहे तोपर्यंत खालचं खाली. ती हलली की सगळं फुकट.”

“किती दिवस राखायचं?”

“दिवस?” तो हसला. “तुमची पोरंबाळं म्हातारी होतील, तरी राखायचंच.”

“राखणार कोण?”

त्यानं डब्याचं झाकण लावलं. “बोर्ड आहे की.”

परतीच्या एसटीत मला खिडकी मिळाली होती, पण मी बाहेर काही पाहिलं नाही. डोक्यात नुसता गोंधळ. मला पाठ असलेली प्रत्येक घोषणा सांगत होती: जमीन घ्या, कसा, राहा, सोडू नका. जमिनीचा असाही एखादा तुकडा असेल की जो ना त्यांनी वापरायचा ना आपण, ज्याच्यासाठी भांडायचं ते त्याला कुणीच हात लावू नये म्हणून, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. मला त्या साहेबाचा राग आला. तो खोटं बोलला असता तर किती सोपं झालं असतं.

पत्रक मी लिहिलंच, पण वेगळं. तार राहू दे, पण पाण्याचे रिपोर्ट गावात वाचून दाखवा, कायमचा राखणदार नेमा, ज्यांच्या विहिरी तारेजवळ आहेत त्यांना नळाचं पाणी द्या. बाबांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “मुद्दे बरोबर आहेत. घोषणा होत नाही याची.” मामानं तर वाचूनही पुरं केलं नाही. “हा काय कागद हाय गो? अर्धा त्यांचा, अर्धा आमचा.”

पण मला तो विषय सोडता आला नाही. दर पंधरवड्याला गावाला जाऊ लागले. नळ्यांची कुलपं जागेवर आहेत का, तार कुणी वाकवली का, उगाच बघत फिरायचे. एकदा मामीच्या चुलीचा रंग वेगळा दिसला. पिवळट, गुळगुळीत, एकही भेग नाही.

“माती कुठची गं मामी?”

“टेकाडाची. पायथ्याशी तार उचलली की हात जातो.” तिला चुलीचं कौतुक होतं. “लोन्यासारखी हाय. शेजारनीनं पन नेली.”

मी साहेबानं सांगितलेलं सगळं सांगितलं. मामी भाकरी थापत राहिली. “तू भाकर खानार का नाय, ते बोल.”

मी भाकरी खाल्ली. दुसऱ्यांदा वाढली तीही खाल्ली. मामीपुढे ताट सारणं मला जमलं नाही.

चूक नेमकी कुठे होती हे मला तेव्हा कळलं. या लोकांना बोर्ड वाचता येत नव्हता असं नाही. पण ज्यांच्या सात पिढ्यांनी बांध घातले त्यांना माती दिसली की आधी तिची पारख होते. मामा कुठेही गेला, लग्नाला गेला तरी, रस्त्याकडेची माती उचलून मुठीत दाबून बघायचा. टेकाडाची माती पाणी आत जाऊ नये म्हणून निवडलेली, आणि बांधाला नेमकी तशीच माती लागते. सरकारनं विषावर झाकण घातलं होतं. गावाला दिसत होता उत्तम मातीचा साठा, तोही शेताच्या उशाला.

तरी काही वर्षं टोपलीभर मातीवरच निभावलं, कारण बांधाची माती खाडीतून यायची. ओहोटीला बाहेरच्या खाजणात, म्हणजे भरतीत बुडणाऱ्या दलदलीत, उतरायचं, चिखलाच्या ढेपा कापायच्या, हातोहात बांधावर चढवायच्या. मग त्या खाजणात कंटेनर यार्डासाठी भराव पडला. ढेपांची जागा गेली, शिवाय खाडीचं पाणी भरावाला धडकून वळलं आणि मामाच्या समोरच्या बांधावर येऊन आपटू लागलं.

आश्विनाच्या तोंडावर, अमावास्येच्या उधाणाला बांध फुगला. खेकड्यांनी आतून पोखरलेला होताच. एका बाजूनं भला मोठा लचका खाली बसला. खांड, म्हणजे आरपार भगदाड, अजून पुरती पडली नव्हती, पण पौर्णिमेचं उधाण तिथूनच आत येणार हे पोरांनाही दिसत होतं. शेतात भात उभं. दाणा भरलेला पण ओला, कापणीला अजून अवकाश. खारं पाणी एकदा शिरलं की हे भात जातं आणि पुढचे कितीतरी हंगाम जमिनीत मीठ राहतं. खारभूमीच्या ऑफिसनं हात वर केले होते. या जमिनी पुढेमागे संपादनात जायच्या, त्यांचा बांध आता कशाला?

मध्ये अष्टमीच्या सुमाराला पाण्याचा जोर कमी असतो, त्याला भांग म्हणतात. काम करायचं तर तेवढ्याच दिवसांत. जोळ देवळापुढे बसली. नवरात्र होतं, मांडवाला पताका, बायकांना उपास. मी दिघ्याहून आले होते. पुरुषांच्या मागे, बायकांच्या पुढे, अशी मधल्यामध्ये बसले.

मामाचा एक चुलतभाऊ होता. गावात त्याच्या तोंडाला कुणी लागत नसे. त्यानंच सुरुवात केली. “माती शोधाय कुठं चाललाव? उशाला टेकाड हाय. तार तोडा, हात लावा, दोन दिसांत बांध उभा.”

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांच्या मनात तेच होतं.

मी उभी राहिले. वरची माती काढली तर पाऊस आत जाईल, आत काय आहे ते टाकणाऱ्यांनाही ठाऊक नाही, आणि टेकाडाचा उतार आपल्याच शेतांकडे आहे. मला वाटतं मी बरीच जोरात बोलत होते.

“बाय, त्याच खड्ड्यातल्या डरमाचा पानी आमी जन्मभर प्यालो,” चुलतमामा म्हणाला. “मेलो का?”

“जे मेले ते सांगायला इथे बसलेत का?” मी म्हटलं.

एक-दोघं हसले. त्याला ते लागलं. “भाची शिकलेली हाय. असा करू, पुनवेच्या उधानाला हिला बांधावर उभी करू, हातात बोर्ड देऊन. ‘येथे पाणी शिरू नये.’”

आता सगळेच हसले. बायकाही हसल्या. मलाही हसू आलं, ते मी दाबलं.

“बरा, तूच सांग,” दुसरा कुणी म्हणाला. “माती कुठून आनायची?”

“ट्रकनं. खाणीवरून मुरूम…”

“बांधावर टरक कसा न्यायचा? आन मुरमात पानी थांबतं का?” हे बोलणाऱ्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मूर्खपणाला उत्तर देतात तसं दिलं.

 मामाच्या पुढ्यात टेकाडाच्या मातीचा गोळा होता, कुणीतरी नमुना म्हणून आणून ठेवलेला. तो अंगठ्यानं दाबत होता. मी पत्रकाची भाषा सोडली आणि त्याच्याशीच बोलले.

“मामा, टेकाडपण बांधच आहे. आतलं बाहेर येऊ नये म्हणून घातलेला. एका बांधाला खांड पाडून दुसरा भरायचा, असं जोळीनं कधी केलंय का?”

मामानं गोळा खाली ठेवला.  चुलतमामा मस्करीत म्हणाला, “नायतर रीत हायच की. खांड ज्याच्या तोंडी, माती त्याच्या शेताची. इचारा पुढाऱ्याला.”

रीत जुनी होती. खाडीतून माती मिळेना अशा वेळी खांडीला लागून ज्याचं शेत त्याच्याच शेताची माती कापायची. शेताचा खड्डा व्हायचा. पण बदल्यात जोळ त्या घराला दरसाल भात द्यायची, शेत गाळानं भरून पुन्हा पेरण्याजोगं होईपर्यंत. मामाच्या हयातीत अशी वेळ आली नव्हती. उभ्या भातावर तर कुणाच्या बापाच्या हयातीतही नाही.

“रीत हाय ना?” मामा म्हणाला. “मग घ्या.”

मामी बायकांत बसली होती. ती उठून घरी गेली.

त्या रात्री मला झोप आली नाही, एवढंच सांगते. मी टेकाड वाचवायला गेले होते. टेकाड वाचलं. त्यासाठी माझ्याकडून काय गेलं? दिघ्याच्या खोलीतून काय उणं होणार होतं? मी जे बोलले ते खरं होतं, आजही खरंच मानते. पण आपलं खरं दुसऱ्याच्या शेतातून कापून आणलं जातंय हे बघत उभं राहणं कुठल्याही मोर्चात शिकवत नाहीत.

सकाळी मामी विळा घेऊन शेतात होती. ओलं भात कापत होती, गुरांना वैरण म्हणून तरी होईल. मी शेजारी वाकले आणि मूठ धरली. ती न थांबता म्हणाली, “तुज्या मामाला मी बोल लावनार नाय. तुनापन नाय. पन दोन दिस माज्याशी बोलू नको.”

भात कापून झालं तशी माणसं उतरली. कापणारे खाली, शेताच्या मधोमध. तिथून बांधापर्यंत माणसांची रांग. लाकडी फावड्यानं चिखलाची ढेप कापायची, पहिल्यानं दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. ढेप जड असते, गार असते, आणि तिच्यात भाताची मुळं तशीच असतात. माझ्या हातात आलेल्या प्रत्येक ढेपेत कापलेले खुंट होते. चुलतमामा रांगेत माझ्या शेजारी होता. पहिली ढेप माझ्या हातून निसटली तेव्हा म्हणाला, “ती लेखनी नाय बाय. दोनी हातांनी धर, पोटाशी घे.” नंतर मात्र तो जड ढेपा मागच्या मागे वळवून मला हलक्या देत राहिला. 

मामा बांधावर उभा राहून ढेपा रचून घेत होता, पायानं दाबत होता. खाली बघत नव्हता.

पौर्णिमेचं उधाण दुपारी भरलं. अख्खं गाव काठावर. पाणी नव्या मातीच्या काठाला बोटभर कमी राहिलं, तिथे थोडा वेळ थांबलं आणि उतरू लागलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं आपापल्या शेताकडे वळली, त्यांची शेतं होती. मामाच्या समोर आता बांधाच्या दोन्ही बाजूंना पाणी होतं, बाहेर खाडीचं आणि आत झिरपून साठलेलं.

पहिल्या वर्षी जोळीनं रीत पाळली. घरोघरचं भात आलं, चुलतमामा स्वतः डोक्यावरून घेऊन आला आणि मामीला म्हणाला, “निवडून दिलाय वयनी, खडा निघाला तर मना मार.” मामीनं हसून घेतलं. दुसऱ्या वर्षी निम्मी घरं आली. काहींच्या जमिनी गेल्या होत्या, काहींची पोरं यार्डात लागली होती आणि शेत पडलं होतं. ज्यानं पेरलंच नाही तो भात कुठून देणार? तिसऱ्या वर्षी जोळ बसलीच नाही. खाडीचं पाणी आत घेतलं की गाळ बसून खड्डा भरतो, म्हणून मामा दर भरतीला बांधातली उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, उघडून बसायचा. पाणी यायचं. पण भरावानं खाडीचा प्रवाह बदलला होता, गाळ आता दुसरीकडे जात होता. येणारं पाणी नितळ होतं. मी एवढं नितळ आणि एवढं निरुपयोगी पाणी पाहिलेलं नाही. मामा शेवटी यार्डाच्या गेटवर कामाला लागला.

मी बेलापूरला खेपा घालतच होते. पोळी देणारा साहेब बदलून गेला. त्याच्या जागी आलेल्यानं विचारलं, “कुठलं टेकाड?” मी दाखवायला तयार होते, त्याला वेळ नव्हता. जीप कमी येऊ लागली. तारेचे तुकडे भंगारवाल्याकडे दिसू लागले. बोर्डावरची अक्षरं उन्हानं फिकी झाली, मी एकदा दिघ्याहून रंगाचा डबा नेऊन ती पुन्हा गिरवली. त्यावरून गावात माझी चेष्टा झाली ती वेगळी. जमिनीवर नियम घालणं सोपं असतं, तिथे एक खांब रोवला की झालं. पण माणसं बदलतात, ऑफिसं बदलतात, आणि जमिनीखालचं तसंच पडून असतं. कुणाच्या लक्षात राहावं म्हणून ते काही करत नाही.

शतक संपायला आलं तेव्हाची गोष्ट. मी गावाला होते आणि मामाला सुट्टी होती. आम्ही ओट्यावर चहा पीत होतो. टेकाडाच्या बाजूनं यंत्राचा आवाज आला. मामानं कप ठेवला आणि चालायला लागला, मी मागून.

एक डंपर आणि एक खोदायचं यंत्र. तार जिथे उरलीच नव्हती तिथून आत घुसलेलं. कुठल्याशा नव्या यार्डाला भराव हवा होता आणि ठेकेदारानं जवळची माती हेरली होती. यंत्राचं तोंड गवताला लागायचं बाकी होतं. मामा सरळ जाऊन त्याच्यासमोर उभा राहिला. मग उभं राहणं पुरणार नाही असं वाटलं असावं, म्हणून मांडी घालून बसला.

डंपरचा ड्रायव्हर देशावरचा, विशीतला. खाली उतरून नीट बोलला. “काका, बाजूला व्हा ना. तुमची जमीन आहे का ही?”

“नाय.”

“मग कुणाची?”

“कोनाची नाय. कोनाची व्हायचीपन नाय.”

“मग तुम्हाला काय प्रॉब्लेम?”

मामानं हात खाली दाखवला, जिथे पाणी चमकत होतं. “ती माजी जमीन. ह्या मातीला हात लागू नये म्हनून मी ती कापून दिली. माज्या बायकोनं ओला भात कापला. आन तू आता ही फुकट नेतंस?”

पोराला अर्थातच काही समजलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याला सगळं सांगितलं असतं, थर, नळ्या, खालचं काय काय, माझं सगळं तयारच असतं. पण मामाच्या बोलण्यानंतर त्यात सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, “उठणार नाहीत ते.”

ड्रायव्हर डोकं खाजवत राहिला, मग यंत्रवाल्याला म्हणाला, “चल, शेठला सांगू. आपल्याला कशाला टेन्शन.” गाड्या मागे गेल्या. चाकांनी गवत थोडं सोललं होतं. मामानं ती जागा हातानं थापून सारखी केली.

तेवढ्यात मामी आली. तिला कुणीतरी कळवलं होतं. कमरेवर हात ठेवून तिनं आमच्याकडे पाहिलं. “शेत गेला, जोळ गेली. आता टेकाडाचा राखनदार झालास?”

“पगार कोन देनार ते भाचीला इचार,” मामा म्हणाला.

“उद्या येतील ते पुन्हा,” मी म्हटलं. “ठेकेदाराला घेऊन.”

“येतील,” मामा म्हणाला आणि तसाच बसून राहिला. मामी थोडा वेळ उभी होती. मग तीही बसली, गवत टोचतं म्हणून कुरकुरत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिघ्याला माझ्या शिकवण्या होत्या. मी संध्याकाळची शेवटची एसटी जाऊ दिली. सकाळी डंपर आला तेव्हा आम्ही तिघंही तिथे होतो.